आधी आदाम, मग हव्वा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला पहिल्याने कोणी बसायचे, यावरून आमच्या लहानपणी घरात दरसाल एक लहानशी लढाई होई. आजीचा निवाडा ठरलेला असे : जो आधी जन्मला तो आधी बसेल. थोरल्या दादाच्या अंगाला उटणे लागत असताना आम्ही धाकटी मंडळी कुडकुडत उभी. एके वर्षी धाकट्या बहिणीने आजीला विचारले, "आजी, गोठ्यातली तांबू तर दादाच्याही आधीची. मग तिला का नाही पहिले उटणे?" आजी खूप हसली, पण निवाडा काही फिरला नाही.

त्या प्रश्नात केवढा जुना वाद दडला होता हे कळायला मला बरीच वर्षे लागली. आधी आला म्हणून त्याचा मान मोठा, मागून आला म्हणून त्याने खालच्या पाटावर बसावे, हा न्याय ख्रिस्ती जगात स्त्रियांच्या बाबतीत शतकानुशतके लावला गेला, आणि शतकानुशतके कोणी ना कोणी त्यावर शंका काढीत आले. तेथे प्रश्न उटण्याचा नव्हता. उपासनेला जमलेल्या मंडळीत बाईने उभे राहून शिकवावे की नाही, हा होता. या वादाची एक फांदी आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या केडगावापर्यंत येऊन पोचलेली आहे. म्हणून दिवाळीच्या निवांत दुपारी वाचकांपुढे ती हकीगत ठेवावी असे वाटले.

वादाचे मूळ नव्या करारातील एका पत्रात आहे. तीमथ्य नावाच्या आपल्या तरुण सहकाऱ्याला पौलाने लिहिलेले हे पहिले पत्र. तीमथ्याची आई यहुदी, बाप ग्रीक; पौलाने त्याला इफिस शहरातल्या नव्या मंडळीची व्यवस्था पाहण्यासाठी मागे ठेवले होते. इफिस आजच्या तुर्कस्तानात आहे. अर्तमी देवीचे तिथले देऊळ जगातल्या सात आश्चर्यांत गणले जाई, आणि देवीची चांदीची लहान देवळे विकणाऱ्या कारागिरांनी आपला धंदा बुडेल या भीतीने पौलाविरुद्ध केवढा दंगा माजवला, त्याचे वर्णन 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. अशा गावी राहणाऱ्या तीमथ्याला पौल दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी लिहितो त्याचा भावार्थ असा : स्त्रीने निवांतपणे व नम्रपणे शिकावे, तिने पुरुषाला शिकवावे किंवा त्याच्यावर सत्ता गाजवावी याला आपली संमती नाही, आणि याला पुष्टी म्हणून तो सांगतो की घडणीत आदामाचा नंबर पहिला, हव्वेचा त्यामागून, शिवाय फसगत झाली ती आदामाची नव्हे, बाईची.

झाले. चार-पाच वचने. पण या चार-पाच वचनांनी जेवढी शाई खाल्ली तेवढी नव्या करारातल्या फारच थोड्या वचनांनी खाल्ली असेल.

पौल आधारासाठी ज्या कथेकडे बोट दाखवतो ती 'उत्पत्ती'मधील. मौज अशी की त्या पुस्तकाच्या सुरुवातीला सृष्टीची कथा एकदा नव्हे, दोनदा आली आहे. पहिल्या अध्यायात आधी प्रकाश, मग पाणी व जमीन, वनस्पती, मासे-पाखरे, गुरेढोरे आणि सर्वांच्या शेवटी माणूस. आणि तेथे नर व नारी एकाच श्वासात, एकाच वाक्यात निर्माण होतात. कोणी आधी नाही, कोणी मागून नाही. दुसऱ्या अध्यायात मात्र देव मातीचा माणूस घडवतो, त्याला बागेत ठेवतो. तो एकटा आहे हे बरे नव्हे असे त्याला वाटते. मग पशुपक्षी त्याच्यापुढे आणले जातात, पण त्याला साजेसा सोबती त्यांत सापडत नाही. तेव्हा त्याला गाढ झोप आणून त्याच्या कुशीतून स्त्री घडवली जाते. पौल बोलतो तो या दुसऱ्या कथेला धरून.

आता आमच्या बहिणीचा प्रश्न येथे लावून पाहा. पहिल्या अध्यायातल्या क्रमाने गेले तर आधी आलेले मासे आणि गुरे आदामाहून वरचढ ठरतील! हा आक्षेप थट्टेचा वाटला तरी थट्टेचा नाही. 'उत्पत्ती'च्या पुढच्या पानांतही ज्येष्ठपणाची सारखी उलटापालट चालते : एसाव थोरला, पण आशीर्वाद धाकट्या याकोबाला, योसेफ अकरावा, पण भावांना त्याच्यापुढे वाकावे लागते. पुढे राजा म्हणून निवड होते ती इशायाच्या सर्वांत धाकट्या मुलाची, मेंढरे राखणाऱ्या दाविदाची. ज्या ग्रंथात धाकटे वारंवार पुढे जातात, त्याच ग्रंथातून केवळ आधी असण्याचा मोठेपणा काढायचा, हे जरा अवघडच आहे.

आणि ही अडचण बंडखोरांनाच सुचली असे नाही. सोळाव्या शतकातला जिनेव्हाचा धर्मसुधारक जाँ कॅल्व्हिन शिस्तीचा मोठा कडक; स्त्रियांना व्यासपीठावर बसवण्याचा विचार त्याच्या स्वप्नातही नसावा. पण या पत्रावर टीका लिहिताना तो प्रामाणिकपणे कबूल करतो की पौलाने दिलेले हे कारण वरवर पाहता फारसे बळकट दिसत नाही. कारण बाप्तिस्मा करणारा योहान काळाने येशूच्या आधी आला, तरी पदवीने तो त्याच्या कितीतरी खाली होता. मग तो आपला तोल सावरतो, स्त्री ही पुरुषाला जोड म्हणून घडली असे सांगून जुन्या निर्णयावर परत येतो. पण एवढ्या धीट टीकाकाराला मध्येच थांबून हा मुद्दा कच्चा दिसतो असे म्हणावेसे वाटले, हे मला त्याच्या निर्णयापेक्षा जास्त मोलाचे वाटते.

त्याच शतकात कॉर्नेलियस आग्रिप्पा नावाच्या जर्मन पंडिताने तर क्रमाचा अर्थच उलटा लावला. त्याचे स्त्रीप्रशंसेचे लहानसे लॅटिन पुस्तक १५२९ साली छापले गेले. कारागीर शेवटी जे घडवतो ते सर्वांत उत्तम, तेव्हा हव्वा हा सृष्टीचा कळस, असा त्याचा युक्तिवाद. त्याच्याही शंभरावर वर्षे आधी, १४०५ च्या सुमारास, पॅरिसमध्ये लेखणीवर संसार चालवणाऱ्या क्रिस्तीन द पिझाँ या विधवेने लिहिले होते की स्त्री घडली ती नंदनवनात, आणि मातीपासून नव्हे तर माणसाच्या देहापासून; मग हलकी कशी? हे सारे वकिली कोटिक्रम आहेत हे मान्य. पण एक गोष्ट त्यांतून दिसते : कथेतला क्रम तोच राहतो, वाचणारा त्यातून आपल्याला हवा तो मान काढतो.

मूळ हिब्रूतले दोन शब्द येथे पाहण्यासारखे आहेत. ज्या शब्दाचे भाषांतर आपण 'फासळी' असे करतो तो 'त्सेला'. इतर ठिकाणी तो निवासमंडपाच्या किंवा डोंगराच्या बाजूसाठी वापरलेला आढळतो. म्हणजे स्त्री पुरुषाच्या एका लहानशा हाडापासून झाली असे म्हणण्याऐवजी त्याच्या एका अंगापासून, एका बाजूपासून झाली असेही म्हणता येते. आपल्याकडच्या अर्धांगीच्या कल्पनेला ते किती जवळचे आहे! दुसरा शब्द 'एझेर', म्हणजे साहाय्य करणारा. मदतनीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हाताखालचा माणूस येतो. पण हिब्रूत हाच शब्द पुष्कळ वेळा खुद्द देवासाठी येतो. मोशेच्या एका मुलाचे एलियेजर हे नाव 'देव माझा साहाय्यकर्ता' याच अर्थाचे. तेव्हा साहाय्य करणारी म्हणजे दुय्यम, हे शब्दातून निघत नाही. ते आपण आपल्या स्वयंपाकघरातून तेथे नेतो.

मग पौलाचे म्हणणे काय होते? जे लोक हा नियम सर्वकाळ लागू आहे असे मानतात त्यांची बाजू हलक्याने झटकून टाकण्यासारखी नाही. ते म्हणतात, पौलाने इफिसच्या चालीरीतींचे कारण दिले असते तर नियम इफिसपुरता राहिला असता. त्याने कारण दिले ते थेट सृष्टीच्या आरंभीचे, आणि आरंभ सर्वांचा एकच आहे. हा मुद्दा सरळ आहे व वजनदारही आहे. याच्या उलट बाजूचे लोक त्या 'कारण' शब्दाकडेच बोट दाखवतात. ग्रीकमधला तो शब्द 'गार' हा इवलासा. त्याने कधी कारण सांगितले जाते, कधी नुसता दाखला दिला जातो. इफिसमध्ये काही लोक भलतेसलते शिकवीत होते, त्यांना आवर हे तीमथ्याला दिलेले पहिलेच काम होते, आणि घरोघर फिरून नको ते बोलणाऱ्या तरुण विधवांचा उल्लेखही त्याच पत्रात पुढे आहे. तेव्हा न शिकता शिकवायला निघालेल्या बायकांना, हव्वा कशी फसली पाहा, असा तो इशारा असावा, असे हे लोक म्हणतात. 'सत्ता गाजवणे' यासाठी जे ग्रीक क्रियापद येथे आहे ते सबंध नव्या करारात दुसरीकडे कोठेच आलेले नाही. साधा अधिकार की दांडगाई, हा वाद त्यामुळे मिटता मिटत नाही. शिवाय १८०७ साली जर्मन पंडित श्लायरमाखर याने हे पत्र पौलाचे आहे की नाही अशीच शंका काढली, आणि तेव्हापासून अनेक अभ्यासक ते पौलानंतरच्या पिढीतले मानतात.

मला स्वतःला या साऱ्या पांडित्यापेक्षा एक साधी गोष्ट जास्त बोलकी वाटते. त्या वचनांतली आज्ञा एकच आहे, आणि ती गप्प बसण्याची नाही, शिकण्याची आहे. बाईने शिकावे. त्या काळच्या जगात हीच गोष्ट नवी होती. पुढच्या पिढ्यांनी निवांतपणा तेवढा लक्षात ठेवला आणि शिकणे विसरून टाकले.

पौलाचीच दुसरी पत्रे यापुढे ठेवून पाहण्यासारखी आहेत. करिंथकरांना लिहिताना बायकांनी प्रार्थना करताना व संदेश देताना डोके झाकावे असे तो सांगतो, आणि तेथेही स्त्री पुरुषापासून झाली हाच आधार देतो. पण लगेच, जणू आपण फार बोललो असे वाटून, तो पुस्ती जोडतो : आरंभी स्त्री पुरुषापासून झाली खरी, पण त्यानंतरचा प्रत्येक पुरुष स्त्रीच्या पोटी जन्मतो, आणि सारे काही देवापासूनच आहे. आमच्या आजीला हे ऐकवायला हवे होते! येथे आणखी एक गंमत आहे. डोके झाकण्याच्या नियमाला आणि न शिकवण्याच्या नियमाला आधार एकाच कथेचा. तरी पाश्चात्त्य देशांत पहिला नियम बहुतेक मंडळ्यांनी टोप्यांबरोबर खुंटीला टांगून ठेवला आणि दुसरा मात्र जपला. आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती बायका उपासनेत डोक्यावर पदर घेतात. तो करिंथकरांच्या पत्रामुळे किती आणि आपल्याच रीतीमुळे किती, हे सांगणे कठीण.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौलाने ज्यांना नमस्कार पाठवले त्या यादीत बायकांची नावे भराभर येतात. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी ही तर ते पत्र घेऊन गेली असावी. प्रिस्किल्ला व तिचा नवरा अक्विल्ला हे तंबू शिवणारे जोडपे. अपुल्लो नावाच्या मोठ्या वक्त्याला या दोघांनी घरी नेऊन नीट समजावून शिकवले, आणि तेही इफिसमध्येच. आणि युनिया. प्रेषितांत नावाजलेली अशी तिची ओळख पौल करून देतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिसोस्टोम या धर्मोपदेशकाने तिच्या या थोरवीचे तोंडभर कौतुक केले, आणि हा गृहस्थ काही स्त्रियांचा पक्षपाती म्हणून प्रसिद्ध नव्हता. पुढे मात्र बाई प्रेषित कशी असेल असे वाटून लोकांनी तिला 'युनियास' नावाचा पुरुष केले. ग्रीकमध्ये त्यासाठी एक स्वरचिन्ह हलवले की पुरते. विसाव्या शतकात छापलेल्या ग्रीक प्रतींत ती बरीच वर्षे पुरुष होती. शतक संपता संपता पुन्हा बाई झाली. एका मात्रेने माणसाचे लिंग बदलल्याचे उदाहरण आमच्या पोथ्या नकलणाऱ्यांतही सापडणे कठीण.

पण चालले ते तर्तुलियनचेच. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेज येथे बायकांच्या वेशभूषेवर लिहिताना त्याने सांगून टाकले की तुमच्यातली प्रत्येक जण हव्वाच आहे आणि सैतान जगात शिरला तो तुमच्याच दारातून. दागिना घालावा की नाही या प्रश्नाला एवढे मोठे उत्तर! युरोपच्या पुढच्या इतिहासात बायकांना मठांत लिहिता-वाचता आले, काहींनी थोर ग्रंथही लिहिले. पण व्यासपीठाची पायरी त्यांच्यासाठी नव्हती. त्या पायरीवर पाय ठेवणाऱ्यांपैकी एक म्हणजे क्वेकर पंथाची मार्गारेट फेल. इंग्लंडात लँकेस्टरच्या तुरुंगात असताना तिने स्त्रियांच्या बोलण्याचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली. ती १६६६ साली छापली गेली. तिचा आवडता दाखला असा की येशू उठल्याची पहिली बातमी शिष्यांना सांगितली ती बायकांनी. त्या वेळी त्या गप्प बसल्या असत्या तर?

एकोणिसाव्या शतकात हा वाद अमेरिकेत विद्यालयांत शिरला. ओबर्लिन येथे धर्मशास्त्र शिकणाऱ्या अँटोइनेट ब्राउन हिने १८४९ साली पौलाच्या याच वचनांवर शोधनिबंध छापला. अभ्यासक्रम तिने पुरा केला, पण विद्यालयाने पदवी दिली नाही. तरी १८५३ साली न्यूयॉर्क संस्थानातल्या साउथ बटलर या लहान गावच्या मंडळीने तिला आपली पाळक म्हणून दीक्षा दिली. इंग्लंडात कॅथरिन बूथने १८५९ मध्ये स्त्रियांच्या उपदेशाच्या हक्कावर पुस्तिका काढली. तिच्या व तिच्या नवऱ्याच्या चळवळीतून मुक्तिफौज उभी राहिली, आणि सप्टेंबर १८८२ मध्ये मुंबईच्या बंदरावर मुक्तिफौजेची जी पहिली चौघांची तुकडी उतरली तिच्यात एक बाई होती.

महाराष्ट्रात तोवर एक चमत्कारिक तडजोड रूढ झाली होती. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली, आणि पुढे नगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी आपली मुलींची शाळा काढण्यापूर्वी या बाईंची शाळा पाहिली होती. मायदेशी जिला व्यासपीठ मिळाले नसते तिला सात समुद्रांपलीकडे शिकवायला पाठवण्यात मात्र कोणाला अडचण वाटली नाही. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या 'बायबलबाया' तर मिशनचा कणाच होत्या. ऊन, पाऊस, शिव्या सोसून त्या शिकवीत. फक्त रविवारी उपदेशाच्या वेळी खाली बसत.

याच वातावरणात पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्यांची गोष्ट समजायला मात्र आधी त्यांच्या वडिलांकडे गेले पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई यांना संस्कृत शिकवीत. ते पाहून अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले की आपणही आपल्या बायकोला शिकवायचे. घरच्यांनी विरोध केला, जातीने केला. शेवटी उडुपीच्या पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी ग्रंथांमागून ग्रंथ धुंडाळून वचने गोळा केली आणि स्त्रीला संस्कृत शिकवण्यास शास्त्राची हरकत नाही असे दाखवून दिले. मग गंगामूळच्या रानात घर करून त्यांनी लक्ष्मीबाईंना शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या लेकीला. त्या घरात लक्ष्मीबाई विद्यार्थ्यांनाही शिकवीत. पण अनंतशास्त्र्यांनाही एक रेघ होती : वेद नाहीत. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हटले, त्यानंतर केशवचंद्र सेन यांनी वेदाची पोथी हातात दिली तेव्हा त्या बिचकल्या होत्या. वीस वर्षांची, पुराणे मुखोद्गत असलेली विदुषी. तिच्याही मनात ती रेघ होती.

लग्न झाले, दोन वर्षांच्या आत नवरा गेला, कडेवर मनोरमा. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढे साक्ष, 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक. आणि १८८३ मध्ये इंग्लंड. त्या वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वैद्यकी शिकण्याचा बेत ऐकू कमी येत असल्याने राहिला. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या.

येथे ठिणगी पडली. हिंदुस्थानात नोकरीवर जाणाऱ्या तरुण पुरुषांनाही रमाबाईंनी भाषा शिकवावी असा विचार प्राचार्या डोरोथिया बील यांच्या मनात आला. लाहोर आणि मुंबई येथल्या बिशपांचे मत विचारले गेले, आणि ते नकाराचे आले. पुरुषांना शिकवले असे कळले तर हिंदुस्थानात या बाईचे वजन कायमचे नाहीसे होईल, असा एकूण सूर. येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या नकारात आदाम-हव्वेचे नाव नव्हते. पुढे केली होती ती हिंदुस्थानी चाल. पण बाईने पुरुषांना शिकवू नये हे ज्यांच्या मंडळीत अनेक शतके वचनाच्या आधारे सांगितले गेले, त्यांना ते हिंदुस्थानच्या तोंडून म्हणवून घेणे किती सोपे गेले असेल! आणि म्हणवले कोणापुढे? जिने कलकत्त्यात आणि पुण्यात भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिली होती तिच्यापुढे.

रमाबाईंनी १८८५ साली बीलबाईंना लिहिलेल्या पत्रातला भाव असा की, आपल्या वडिलांनी आईच्या शिकवण्याला हरकत घेतली नाही, नवऱ्याने आपल्या शिकवण्याला घेतली नाही. आणि आता इंग्रज मंडळी घेतात याचे मोठे आश्चर्य वाटते. जरा डोळ्यांपुढे आणा. सत्तावीस वर्षांची विधवा, पदरी चार वर्षांची मुलगी, परक्या देशात ज्यांच्या अन्नावर राहायचे त्यांच्याच वडीलधाऱ्यांना ती सांगते आहे की माझी सदसद्विवेकबुद्धी मी तुमच्या हवाली केलेली नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंना लेकीसारखे मानले होते. त्यांना हा ताठा वाटला, आणि धर्मगुरूंचा अधिकार मानण्याबद्दल त्यांनी पुष्कळ समजावले. रमाबाईंनी उलट विचारले ते असे की ग्रंथ मोठा की ग्रंथ सांगणारा. अनंतशास्त्री उडुपीच्या सभेत हेच विचारीत होते. सिस्टर जेराल्डिन यांनी हा पत्रव्यवहार जपून ठेवला, म्हणून १९७७ साली मुंबईत तो छापला जाऊ शकला. ज्या बाईशी भांडण त्याच बाईने पुरावा सांभाळावा, ही इतिहासाची कृपाच म्हणायची.

पुढे युरोप-अमेरिकेत दारे किलकिली झाली त्याची हकीगत थोडक्यात सांगतो. जपानी आक्रमणाच्या धामधुमीत मकाव येथे धर्मगुरू उरला नाही, तेव्हा १९४४ साली बिशप हॉल यांनी फ्लॉरेन्स ली तिम-ओई या चिनी बाईला दीक्षा दिली; गहजब झाला आणि दोन वर्षांनी तिने आपले अधिकार वापरणे सोडले. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी १९८४ साली ठराव करून पुरुष आधी घडला हेच कारण पुन्हा पुढे ठेवले. रोमन कॅथलिक पंथ आजही स्त्रियांना दीक्षा देत नाही. मात्र त्यांचा मुख्य आधार आदाम नव्हे, येशूने बारा शिष्य पुरुषच निवडले हा आहे. इंग्लंडच्या चर्चने ११ नोव्हेंबर १९९२ ला अगदी थोड्या मतांनी दार उघडले, आणि १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल येथे ३२ स्त्रियांना एकदम दीक्षा मिळाली. दक्षिण भारताच्या चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता या नंद्यालच्या बिशप झाल्या. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचे नाव जाहीर झाले. ज्या चर्चच्या बिशपांनी रमाबाईंना थोपवले त्याच चर्चची ही सर्वोच्च गादी.

रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यास नेले, आणि दुष्काळातल्या अनाथ मुलींसाठी केडगावला मुक्तिसदन उभे केले. शेती, विणकाम, शाळा, छापखाना. मुलींना येणार नाही असे काम तेथे नव्हते. आपण शिकवावे की नाही हे तेथे त्यांनी कोणाला विचारले नाही.

उतारवयात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. आधीची मराठी भाषांतरे त्यांना पसंत नव्हती. खेड्यातल्या बाईला वाचता येईल असे बायबल हवे होते. म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून सबंध ग्रंथ सोप्या मराठीत आणण्याचे काम त्या पंधरा वर्षांहून अधिक काळ करीत राहिल्या. भाषांतरकाराला नावडते पान गाळता येत नाही. तीमथ्याच्या पत्राचा दुसरा अध्याय आला तेव्हा तोही त्यांना शब्दाशब्दाने पुढ्यात घ्यावा लागला : ते 'गार', ते कोठेच न आलेले क्रियापद, आदाम, हव्वा, आणि बाईने शिकावे ही आज्ञा. मग ते पान छापखान्यात गेले असेल, तेथल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले असतील. त्यांतल्या कित्येक जणी दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या, अक्षर म्हणजे काय हे केडगावलाच शिकलेल्या. ओली मुद्रिते बाईंच्या टेबलावर आली असतील आणि त्यांनी चष्मा सावरून एकेक ओळ तपासली असेल. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. तरी तपासणी चालूच होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. सबंध ग्रंथ १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.